चंद्रपूरच्या उन्हात गाडीचं कूलंट कसं बदलायचं? साधं पाणी का चालत नाही?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतणारा एखादा चालक दिसतोच. तेवढ्यापुरतं काम भागतं, पण तीच सवय पुढे इंजिनाच्या मुळावर येते. कूलंट म्हणजे नेमकं काय, ते का बदलायचं, कसं बदलायचं आणि काढलेल्या जुन्या कूलंटचं काय करायचं, ते समजून घेऊ.

उन्हाचा इंजिनावर काय परिणाम होतो?

इंजिनाभोवती फिरणारं कूलंट साधारण ९० अंशांपर्यंत तापतं आणि रेडिएटरमध्ये येऊन ती उष्णता हवेला देतं. किती उष्णता बाहेर जाईल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ६५ अंशांचा असतो. हवा ४६ अंशांवर गेली की तो ४४ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास एकतृतीयांश कमी काम करतो.

त्यात ताडोबाच्या सफारीतल्या जिप्सीसारखी गाडी हळू चालत असेल, तर समोरून वाराही मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर असते. कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर रेडिएटरच्या जाळीत धूळ बसते, ती अडचण वेगळीच.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं, हा मोठा गैरसमज आहे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं असतात. ग्लायकॉलमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. झाकणामुळे यंत्रणेत दाब राहतो, त्यामुळे तो आणखी वर जातो. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असं मिश्रण चांगल्या झाकणाखाली १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही.

गंजरोधक रसायनं तर त्याहून महत्त्वाची. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये थर धरतात, जसे ते घरातल्या गिझरमध्ये धरतात. आतला धातू गंजतो, वॉटर पंप खराब होतो.

मग नुसतं कूलंटच भरलं तर? तेही चूक. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणून दोन्हींचं मिश्रण लागतं, आणि त्यातलं पाणी डिस्टिल्ड असावं.

किती दिवसांनी बदलायचं?

गंजरोधक रसायनं हळूहळू संपतात. जुन्या प्रकारचं कूलंट साधारण २ वर्षं टिकतं, नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारित प्रकारचं ५ वर्षांपर्यंत. अंतिम शब्द मात्र गाडीच्या पुस्तिकेचा. हिरवा, लाल, निळा या रंगांवरून प्रकार ठरवू नका, कारण कंपन्यांमध्ये रंगाचा एकच नियम नाही. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले तर गाळ तयार होऊन नळ्या तुंबू शकतात.

बदलायची पद्धत काय?

१. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन पूर्ण थंड असायला हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेणं उत्तम. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर उडतं.

२. हीटर असेल तर त्याचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. खाली रुंद घमेलं ठेवा आणि झाकण काढा. रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग उघडा. प्लग नसेल तर खालचा होज सोडवा.

३. निघालेलं कूलंट गंजकट असेल तर डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन थोडा वेळ चालवा, पुन्हा थंड होऊ द्या आणि काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. त्यात तेलाचा तवंग दिसला तर थांबा आणि आधी मिस्त्रीला दाखवा.

४. धुतल्यावर थोडं पाणी इंजिनात उरतंच. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मं, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. क्षमता ५ लिटर असेल तर अडीच लिटर कूलंट.

५. आता हवा काढायची. ब्लीड स्क्रू असेल तर पुस्तिकेप्रमाणे उघडा. इंजिन सुरू करा, हीटर गरमवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाला आणि पंखा एक-दोनदा फिरला की इंजिन बंद करा. थंड झाल्यावर टाकीतली पातळी मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये आणा. पुढचे २-३ दिवस सकाळी तपासा.

अडकलेला हवेचा बुडबुडा हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. बुडबुडा असेल तिथे कूलंट पोहोचत नाही आणि सिलिंडर हेड वाकू शकतं. स्पोर्ट्स कारमध्ये हे काम आणखी किचकट होतं. पोर्शे ९११ चं इंजिन आधी हवेने थंड होत असे, १९९७ मध्ये आलेल्या पिढीपासून ते कूलंटवर गेलं. तिचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, म्हणून नळ्या लांबलचक. अशा गाड्यांत आधी पंपाने हवा खेचून निर्वात पोकळी करतात आणि मग कूलंट भरतात. हे काम घरी करू नये.

जुनं कूलंट कुठे टाकायचं?

नालीत, शेतात किंवा जंगलाच्या कडेला अजिबात नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. शरीरात गेल्यावर त्यातून तयार होणारे पदार्थ मूत्रपिंड निकामी करतात. कुत्रा असो की गाय, चाटलेलं थोडंसं कूलंटही जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत संवर्धन प्रकल्पातून जंगलात सोडलेलं एक दुर्मीळ कॅलिफोर्निया काँडोर गिधाड १९९२ मध्ये याच विषाने मेलं होतं. आपल्याकडे तर गावाच्या कुंपणापलीकडेच जंगल सुरू होतं.

जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ असं लिहा आणि ते घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ठेवू नका. सांडलेलं माती टाकून टिपा आणि ती मातीही उचला. जनावराने चाटलं तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

वाटेत गाडी तापली तर?

आलापल्लीहून भामरागडला किंवा सिरोंचाला जाताना गॅरेज लगेच मिळेल याची खात्री नसते. काटा वर चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर सोडा आणि सावली पाहून थांबा. इंजिन बंद करा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका, त्यानंतरही होज गरम लागत असेल तर आणखी थांबा. अगदीच नाइलाज असेल तर साधं पाणी घाला, पण घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरा. लांबच्या प्रवासाला निघताना डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन डिकीत असू द्या.