ताकाताच्या एअरबॅगचा दोष
धडकेच्या क्षणी एअरबॅग फुगवणारा वायू इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डबीत रसायन जळून तयार होतो. जपानच्या ताकाता कंपनीने त्यासाठी स्वस्त अमोनियम नायट्रेट वापरले. दमट हवा आणि वर्षानुवर्षांची उष्णतेची चढउतार यांनी ते भुसभुशीत होई. मग ते भलत्याच वेगाने जळे, डबी फुटे आणि तिचे तुकडे चालकाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसत. जीव वाचवणाऱ्या वस्तूनेच जीव घ्यावा, याहून गंभीर दोष नाही. होंडाने २००८ मध्ये पहिल्या गाड्या परत बोलावल्या. पुढे एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलण्याची वेळ आली. चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याचा गुन्हा ताकाताने २०१७ मध्ये कबूल केला; त्याच वर्षी तिने दिवाळखोरी जाहीर केली. भारतात सदोष गाड्या परत बोलावण्याच्या सक्तीची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे फार उशिरा आली.