वॉटसनचे हॉटेल : एक बिडाची इमारत आणि तिच्याभोवतीची आख्यायिका

मुंबईच्या कोट विभागात, काळा घोडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकाजवळ, पूर्वी वॉटसनचे हॉटेल म्हणून प्रसिद्ध असलेली व पुढे एस्प्लनेड मॅन्शन हे नाव मिळालेली एक इमारत आहे. तिच्याविषयी सर्वसामान्य वाचकास बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते. जमशेटजी टाटा यांना वर्णभेदामुळे या हॉटेलात प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेलचा जन्म झाला, ही ती गोष्ट होय. ही कथा इतकी रुळली आहे की तिच्या छायेत मूळ इमारतीचा इतिहास जवळजवळ लोपून गेला. वास्तविक हा इतिहास त्या कथेपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

सर बार्टल फ्रीयर मुंबईचे गव्हर्नर असताना (१८६२–६७) कोटाच्या तटभिंती पाडण्यात आल्या आणि तटाबाहेरील मैदानालगतची जमीन बांधकामासाठी विकावयास काढण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता व मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर लोटला होता. याच दिवसांत, १८६४ मध्ये, जॉन हडसन वॉटसन या मुंबईतील इंग्रज कापड-व्यापाऱ्याने येथे जागा घेतली. आपल्या व्यवसायासाठी कचेरी व दुकान बांधावे असा त्याचा प्रथम हेतू होता. हॉटेलाची कल्पना मागाहून आली. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचा फुगा फुटला आणि शहरातील अनेक पेढ्या बुडाल्या. तरीही वॉटसनचे बांधकाम १८६७ मध्ये सुरू होऊन १८६९ मध्ये पूर्ण झाले, आणि १८७१ मध्ये हॉटेल उघडले. मधल्या काळात दोन घटना त्याच्या पथ्यावर पडल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये जबलपूर येथे रूळ जोडले जाऊन मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला. विलायतेहून येणारा प्रवासी आता मुंबईस उतरून पुढे आगगाडीने जाऊ लागला, आणि त्यास एकदोन रात्रींचा मुक्काम हवाच होता.

या इमारतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या सांगाड्यात आहे. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज स्थापत्य-अभियंत्याचा. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनातील स्फटिक-प्रासादाच्या कामात त्याने भाग घेतला होता, आणि सेंट पँक्रस स्थानकाच्या विशाल लोखंडी छपराशीही त्याचे नाव निगडित आहे. वॉटसनच्या हॉटेलासाठी लागणारे खांब व तुळया डर्बी येथील फीनिक्स फाउंड्रीत तयार करून जहाजाने मुंबईस आणण्यात आल्या आणि येथे एकमेकींस जोडण्यात आल्या. सुएझचा मार्ग तेव्हा खुला झालेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या वाहतुकीचे अवघडपण ध्यानात येते.

तत्कालीन मुंबईतील सार्वजनिक इमारतींत भिंत हीच भार वाहणारी असे. म्हणून ती जाड, दगडी आणि लहान झरोक्यांची असे. वॉटसनच्या इमारतीत भार खांबांनी वाहिला व भिंत केवळ आडोशापुरती उरली. परिणामी प्रत्येक मजल्यावर दर्शनी बाजूस सलग सज्जे काढता आले आणि एकशे तीसच्या आसपास खोल्यांना वारा व उजेड मिळाला. लोखंडाचे अंगही कोणत्याही दगडी मुखवट्याखाली झाकलेले नाही. ही जगातील पहिली लोखंडी सांगाड्याची बहुमजली इमारत, असे काही वेळा म्हटले जाते. ते मात्र तपासून घेतले पाहिजे. इंग्लंडात शीअरनेस येथील नौकागृह १८६० मध्येच अशा पद्धतीने उभे राहिले होते. परंतु ते कोठार होते. माणसांच्या वस्तीसाठी हे तंत्र वापरणाऱ्या इमारतींत वॉटसनच्या हॉटेलाचे स्थान अगदी आरंभीचे आहे, आणि शिकागोतील होम इन्शुरन्स इमारतीच्या (१८८५) ते सुमारे दीड दशक आधीचे आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

हॉटेलाच्या सामाजिक इतिहासाबाबत १८९६ हे साल विशेष साक्ष देते. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत आला व येथे उतरला. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासग्रंथात त्याने पहिल्याच दिवसाचा एक प्रसंग नोंदविला आहे. सज्जावर उघडणाऱ्या काचेच्या दारात काहीतरी दुरुस्ती हवी होती. एक देशी नोकर गुडघे टेकून ती करीत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मनाने काय चुकले ते न सांगता प्रथम त्याच्या जबड्यावर तडाखा दिला आणि मग चूक सांगितली. नोकराने तो मुकाट्याने सोसला. ट्वेनला आपले बालपणीचे मिसुरी आठवले, तेथील गुलाम आठवले, आणि किरकोळ चुकीसाठी आपल्या डोळ्यांदेखत मारला गेलेला एक गुलामही. टाटांच्या कथेस समकालीन लेखी आधार मिळत नाही. ताजच्या इतिहासकारांनीही ती संशयास्पद मानली आहे. १९०३ मध्ये उघडलेल्या त्या हॉटेलामागे, शहरास साजेसे अतिथिगृह असावे ही इच्छा अधिक संभवनीय दिसते. (ताजचे आरंभीचे वास्तुशिल्पी रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा होते, हेही सहसा कोणी सांगत नाही.) वंशभेदाचा पुरावाच हवा असेल तर एका धनाढ्याच्या कल्पित अपमानापेक्षा एका अनाम नोकराचा नोंदलेला अपमान इतिहासकारास अधिक विश्वसनीय वाटावयास हवा.

त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंच्या वतीने आलेल्या मारियुस सेस्तिए याने याच हॉटेलात चलच्चित्रांचे खेळ केले. दर माणशी एक रुपया आकार होता. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले. तेथे चार आण्यांपासून तिकिटे होती व पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोयही. भारतात चित्रपटाचा पहिला प्रकाश वॉटसनच्या हॉटेलात पडला, पण सामान्य प्रेक्षक त्याला नॉव्हेल्टीतच लाभला.

विसाव्या शतकात हॉटेल मोडले. इमारतीचे नाव प्रथम महेंद्र मॅन्शन व नंतर एस्प्लनेड मॅन्शन झाले. प्रशस्त दालनांत आडव्या-उभ्या भिंती घालून गाळे पाडण्यात आले, आणि न्यायालय जवळ असल्याने वकिलांच्या कचेऱ्या तेथे थाटल्या. २००५ मध्ये सज्जाचा एक भाग कोसळला. जागतिक स्मारक निधीने संकटग्रस्त वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तील तज्ज्ञांनी ती पाडावी असा अभिप्राय दिला, वारसाप्रेमींनी त्यास विरोध केला आणि प्रश्न उच्च न्यायालयात गेला.

या वादात बिडाच्या स्वभावाचा विचार आवश्यक ठरतो. बीड दाबास उत्तम टिकते, ताणास नाही. घडीव लोखंड वाकून सूचना देते, बीड एकाएकी तडकते. म्हणून तज्ज्ञांची धास्ती निराधार म्हणता येत नाही. पण पूर्वनिर्मित सुट्या भागांची इमारत, ती जशी जोडली गेली तशी, एकेक भाग सुटा करून तपासता येण्याची शक्यताही असते. दगडी इमारतीत ती नसते. तसे झाले, तर ऑर्डिशचे सांधे दीडशे वर्षांनी प्रथमच हातात घेऊन मोजता येतील.