ली-एनफील्ड रायफलीच्या नळीची सफाई

ली-एनफील्ड या ०.३०३ इंची ब्रिटिश रायफलीचे उत्पादन भारतात ईशापूर येथेही होत असे. नळीच्या आतील पेचदार खाचा गोळीला फिरकी देतात. त्या आणि नळीचे तोंड शाबूत राखणे हाच सफाईचा खरा हेतू. मॅगझीन काढून, बोल्ट उघडून, आत काडतूस नाही हे डोळ्यांनी व बोटाने तपासल्याशिवाय काम सुरू करू नये. याला अपवाद नाही.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर उरणारे पोटॅशियम क्लोराइड ओल शोषून पोलाद गंजवते. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. नुसते तेल चोळून नळी वाचत नाही ती यामुळेच. म्हणून सैनिक मागच्या बाजूने नरसाळ्यातून उकळते पाणी ओतत. त्याने तापलेली नळी लवकर वाळतेही.

पुसण्यासाठी पितळी वजनाची दोरी आणि ४ × २ इंचांचा फ्लॅनेलचा तुकडा वापरत. दोरी व तेलाची बाटली दस्त्यातल्या पोकळीतच ठेवलेली असे. वजन मागून आत सोडून दोरी तोंडाकडून अगदी सरळ ओढावी. ती तिरकी ओढत राहिल्यास तोंडाची कड झिजते आणि चांगल्या रायफलीचाही नेम कायमचा बिघडतो. गज वापरायचा तर बोल्ट काढून तोही मागूनच घालावा. शेवटी तेलाचा पातळ थर द्यावा. गोळीबारापूर्वी तो पुसणे आवश्यक असते, कारण काडतूस बसते त्या जागेत तेल राहिल्यास बोल्टवरील दाब वाढतो.