मातृभाषेचा रकाना

परवा मुलाचा अमेरिकेहून फोन आला. नातवाच्या शाळेचा फॉर्म भरत होता. "आबा, वंशाच्या रकान्यात आशियाईवर खूण करतोय," म्हणाला. मग त्यानेच सांगितले, तिथल्या 1970च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत धरले होते, 1980 साली वेगळा रकाना मिळाला. माणसे तीच, दहा वर्षांत वंश बदलला! हसू आले, पण फोन ठेवल्यावर 1981चे पिंपळनेर आठवले आणि हसू जिरले.

आपले गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. पश्चिमेचे डोंगर ओलांडले की डांग, दक्षिणेला बागलाण. त्यामुळे आठवडे बाजारात उभे राहिले की कानावर काय काय पडते! शेतकऱ्यांची अहिराणी, भिल्लांची भिली, डोंगराकडच्या कोकणा लोकांची कोकणी (ही गोव्याची नव्हे), दुकानांतून मारवाडी-गुजराती, मोहल्ल्यातली उर्दू. भाव मात्र सगळे अहिराणीतच करतात.

1981च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. मास्तरांना ही कामे चुकत नाहीत. मातृभाषा विचारून, सांगतील ती लिहायची असा नियम. मी विचारतच नव्हतो. घरामागून घर 'मराठी' लिहीत गेलो. एका म्हातारीने विचारले, "काय लिखं, गुरुजी?" मी म्हटले, मराठी. ती म्हणाली, "मराठी ते तुमनी शाळामा. घरमा आमी अहिरानीच बोलतस." मी हसलो आणि पुढच्या दारी गेलो. लिहिलेले खोडले नाही.

खोटे कशाला सांगू, माझ्या स्वतःच्या घरापुढेही मराठीच लागले. माझ्या आईला शेवटपर्यंत अहिराणीखेरीज दुसरे बोलता आले नाही. पण मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. वर्गात पोरगा "काय करी ऱ्हायना" म्हणाला की त्याला उभा करणारा मास्तर मीच. अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठी, हे डोक्यात पक्के बसलेले.

पुढे कळले की ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1907च्या खंडात खानदेशीला मराठीत न घालता भिल्लांच्या भाषांशेजारी बसवले होते. ते सर्वांना पटेल असे नाही. आपली जनगणना मात्र खानदेशी वेगळी मोजते, अहिराणी त्यातच येते. 2001 साली खानदेशी सांगणारे सुमारे 20.75 लाख होते, 2011 साली 18.6 लाख. खानदेशात माणसे काही घटली नाहीत! किती जणांनी स्वतःहून मराठी सांगितले आणि किती ठिकाणी माझ्यासारख्याने परस्पर लिहिले, कोण जाणे.

आता 2027च्या जनगणनेत जातही विचारणार आहेत. 1931नंतर सगळ्यांची जात अशी मोजली गेलीच नव्हती. त्या रकान्यावर गावात चर्चा जोरात आहे. भाषेच्या रकान्याबद्दल कोणी बोलत नाही. मी घरात सांगून ठेवले आहे, प्रगणक आला की मला हाक मारा, माझी मातृभाषा मीच सांगेन.

सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि नातवाची कोणती?"

त्याला तर धड मराठीही येत नाही.