आमोख्ता आणि उजळणी

मराठवाड्यातल्या जुन्या मकतबांमध्ये एक शब्द रोज कानावर पडायचा, आमोख्ता. फारसीत ‘आमोख्तन’ म्हणजे शिकणे, आणि आमोख्ता म्हणजे जे शिकून झाले ते. मुलाने नवा सबक घेण्याआधी उस्तादांना मागचा पाठ म्हणून दाखवायचा. तो अडखळला तर त्या दिवशी नवा सबक नाही. कुरआन हिफ्ज करणाऱ्या मुलांकडून आजही असेच करून घेतात. आजचा सबक, मग गेल्या काही दिवसांची सबकी, मग जुन्या पाऱ्यांची मंजिल. तीस पारे पाठ झाल्यावरही हाफिजची मंजिल सुटत नाही.

याच गावांत पंतोजींच्या शाळा होत्या. तिथे धुळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सामुदायिक सुरात म्हणायची. तिन्हीसांजेला घरी परवचा. या सगळ्याला मराठीत नाव होते उजळणी, म्हणजे भांडे घासून उजळ करणे. काळवंडलेले पितळ एकदा घासून कायमचे चकाकत नाही, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. मकतब आणि पंतोजी यांचे एकमेकांशी फारसे देणेघेणे नव्हते, पण शिकवलेले विसरले जाते हे दोघांनीही गृहीत धरले होते.

मग छापील व्याकरण आले. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले. पुढे शाळकरी मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरणही लिहिले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911चे. उर्दूत मौलवी अब्दुल हक यांचे ‘कवायद-ए-उर्दू’ 1914मध्ये आले. उर्दूचे व्याकरण अरबीच्या साच्यात कोंबू नये, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. अब्दुल हक तेव्हा आपल्या औरंगाबादला होते आणि 1938मध्ये दिल्लीला जाईपर्यंत अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही तिथेच होते. उर्दूची ही मोठी कामगिरी मराठी मुलखात बसून झाली, हे आपल्या मुलांना आपण सांगत नाही.

ही पुस्तके थोर आहेत. पण पुस्तकातून आलेले व्याकरण शाळेत प्रकरणाप्रकरणाने शिकवले जाऊ लागले. जूनमध्ये नाम, ऑगस्टमध्ये विभक्ती, दिवाळीनंतर प्रयोग. एक प्रकरण संपले की दुसरे. उजळणी राहिली पाढ्यांपुरती, आमोख्ता राहिला मकतबात. व्याकरणाच्या वाट्याला दोन्ही आले नाहीत. माझ्या मते आपल्या सहावी ते आठवीच्या वर्गांचे दुखणे इथेच आहे.

हिंगोलीसारख्या ठिकाणी ते अधिक जाणवते. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते. 1918मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला परक्या भाषेतून इतिहास-गणित शिकावे लागे, आणि त्याचा राग मराठवाड्याच्या मनात होता. तो रास्तही होता. 1948च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960मध्ये महाराष्ट्र झाला. पारडे फिरले. आता कसरत उर्दू माध्यमाच्या मुलाची आहे.

हा मुलगा घरी दखनी बोलतो. त्याच्या ‘यहीच’, ‘वहीच’मधला ‘च’ मराठीचाच आहे. शाळेत त्याला ‘मैंने किताब पढ़ी’ लिहायचे असते, घरी तो ‘मैं किताब पढ़ा’ म्हणतो आणि मराठीच्या तासाला ‘मी पुस्तक वाचले’. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. त्यातही खरी फसगत करतात ते दोन्हीकडे असलेले शब्द. आवाज उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून तो ‘आवाज आली’ लिहितो. जहाज उर्दूत आया, मराठीत ते आले. चाय ती, चहा मात्र तो. ‘शाळा’चे ‘शाळेत’ आणि ‘घोडा’चे ‘घोड्याला’ करताना मध्ये जे सामान्यरूप होते, ते त्याच्या कानाला घरी कधी ऐकू आलेले नसते. एकदा समजावून सांगितले की त्याला कळते, हे मी दरवर्षी पाहतो. पण महिन्याभराने वही उघडली की पुन्हा ‘आवाज आली’.

हरमन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 साली स्वतःवर प्रयोग करून हेच मांडले. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि किती विसरतो ते मोजले. विसरणे सर्वात वेगाने होते ते पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवसात. नंतर वेग मंदावतो. एकदाच बसून घोकण्यापेक्षा अंतर ठेवून पुन्हा पुन्हा केलेली उजळणी टिकते. मकतबातल्या उस्तादांनी हे मोजले नव्हते, पण सबक, सबकी आणि मंजिल यांचे अंतर जवळपास असेच आहे.

म्हणून मराठीच्या तासाची पहिली सात मिनिटे मी आमोख्त्याची ठेवतो. फळ्यावर पाच वाक्ये. एक कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक गेल्या महिन्यातले, एक मागच्या इयत्तेचे. वही बंद. मुलांनी आठवून लिहायचे, शेजाऱ्याने तपासायचे, चुकलेले वाक्य दोन दिवसांनी पुन्हा फळ्यावर. गुण नाहीत. व्याख्या विचारत नाही. सामान्यरूपाची व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलगी ‘शाळामध्ये’ लिहिते, तेव्हा त्या व्याख्येचा उपयोग काय? अभ्यासक्रम मागे पडेल, अशी शंका सहकारी घेतात. थोडा पडतो. पण प्रयोगाचे प्रकरण आले की लिंग-वचन नव्याने शिकवावे लागत नाही आणि तो वेळ भरून निघतो.

हा केवळ शाळेच्या गुणांचा प्रश्न असता तर इतके लिहिले नसते. राज्यातल्या पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान यांच्या जोडीला मराठी व्याकरण असते. कळमनुरी, वसमत, सेनगावची आपली मुले पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, मैदानी चाचणी पार करतात आणि लेखीत अडकतात. भरतीचे क्लास तीन महिन्यांत व्याकरण ‘करून’ देतात. जे सहावीत हाताला वळण म्हणून बसायला हवे होते, ते विसाव्या वर्षी पैसे भरून घोकावे लागते. ज्याच्या घरी पैसे नाहीत, तो मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मित्राकडून मागून आणतो आणि विभक्तीच्या तक्त्यापाशी थांबतो.