डाऊन स्लीपिंग बॅग कशी निवडावी? हिवाळी हिमालयीन ट्रेकसाठी संपूर्ण माहिती

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, बॅटरी किती एमएएचची आहे ते बघतो, चार व्हिडिओ पाहतो आणि मगच पैसे देतो. स्लीपिंग बॅग घेताना मात्र दुकानात जाऊन सरळ म्हणतो, "उणे १० वाली द्या." तो उणे १० कुठून आला, कोणासाठी आहे, हे कोणीच विचारत नाही. आजचा लेख त्याच आकड्याबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वीकेंडला सह्याद्रीत फिरतो आणि आमच्या ग्रुपच्या सामानाची एक्सेल शीट माझ्याकडे असते. राजमाची किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर साधी बॅग आणि एक चादर पुरते. पण डिसेंबर-जानेवारीत केदारकांठा किंवा ब्रह्मतालला बर्फावर तंबू टाकायचा असेल, तर बॅगची निवड हा फक्त आरामाचा प्रश्न राहत नाही.

स्लीपिंग बॅग गरम करत नाही

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बॅग उष्णता तयार करत नाही. उष्णता तुमचं शरीर तयार करतं, झोपेत साधारण ७० ते ८० वॉट, म्हणजे लॅपटॉपच्या चार्जरएवढी. ही उष्णता बाहेर निसटू न देणं एवढंच बॅगचं काम. ते काम कापड करत नाही, कापडाच्या आत अडकलेली स्थिर हवा करते. जितकी जास्त हवा अडकेल तितकी बॅग उबदार.

डाऊन म्हणजे नेमकं काय?

हंस आणि बदकांच्या बाहेरच्या पिसांखाली जी मऊ लव असते, तिला डाऊन म्हणतात. पिसाला मधे कडक दांडी असते, डाऊनला नसते. एका बिंदूपासून सगळीकडे पसरलेले बारीक धागे असतात आणि त्यांच्यात हवा अडकते. दाबलं की छोटं होतं, सोडलं की पुन्हा फुगतं. म्हणून वजनाच्या मानाने डाऊन सिंथेटिकपेक्षा जास्त ऊब देतं आणि सॅकमध्ये जागाही कमी घेतं.

लेबलवर ९०/१० किंवा ८०/२० असं लिहिलेलं असतं. म्हणजे ९० टक्के डाऊन आणि १० टक्के बारीक पिसं. पहिला आकडा मोठा तेवढं चांगलं.

हे पक्ष्यांपासून मिळतं, त्यामुळे काहींना ते वापरायचं नसतं. त्यांच्यासाठी सिंथेटिक बॅग आहेच. डाऊनच घ्यायचं असेल तर आरडीएस म्हणजे 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' हा शिक्का बघा. २०१४ पासून असलेल्या या मानकात जिवंत पक्ष्याची पिसं उपटणं आणि त्याला जबरदस्तीने खाऊ घालणं, दोन्हीला मनाई आहे.

फिल पॉवर एकटी बघू नका

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असते ती फिल पॉवर: ५५०, ६५०, ८००. याचा अर्थ, एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) डाऊन किती घन इंच जागा व्यापतं. आकडा मोठा म्हणजे डाऊनचा दर्जा चांगला. पण बॅगेत ते डाऊन किती भरलंय, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी फिल वेट बघावं लागतं, म्हणजे आतल्या डाऊनचं ग्रॅममधलं वजन.

हिशेब करून बघू:

- बॅग अ: ६५० फिल पॉवर, ६०० ग्रॅम डाऊन. फुगून एकूण सुमारे २२५ लिटर.
- बॅग ब: ८०० फिल पॉवर, ४०० ग्रॅम डाऊन. फुगून एकूण सुमारे १८५ लिटर.

दोन्ही बॅगांचा आकार आणि शिवण सारखी असेल, तर '८०० वाली' ब कमी उबदार ठरेल. ती हलकी आहे आणि छोटी पॅक होते, जास्त पैसे त्याचे आहेत. नुसते मेगापिक्सेल बघून कॅमेरा निवडणं आणि नुसती फिल पॉवर बघून बॅग निवडणं, दोन्ही सारखंच.

आणखी एक: फिल वेट आणि बॅगचं एकूण वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण वजनात कापड आणि चेनही येते. ज्या उत्पादनाच्या पानावर फिल वेट दिलेलंच नाही, त्या बॅगपासून मी तरी लांब राहतो.

तापमानाचे तीन आकडे

आता मुख्य मुद्दा. चांगल्या बॅगांची चाचणी युरोपातल्या ईएन १३५३७ या मानकाने होत असे. २०१६ मध्ये आयएसओ २३५३७ आलं. चाचणीत सेन्सर लावलेला, गरम होणारा पुतळा बॅगेत ठेवतात आणि त्यावरून आकडे काढतात:

- कम्फर्ट: एक 'प्रमाण' स्त्री (२५ वर्षं, ६० किलो, १६० सेंमी) सैल अंगाने, न कुडकुडता झोपू शकेल असं तापमान.
- लिमिट: एक 'प्रमाण' पुरुष (२५ वर्षं, ७० किलो, १७३ सेंमी) अंग आखडून, गोळा होऊन कशीबशी झोप काढू शकेल असं तापमान.
- एक्स्ट्रीम: इथे झोपेचा विषयच संपला. जीव वाचवण्यापुरता आकडा, तोही सहा तासांसाठी आणि हायपोथर्मियाचा धोका गृहीत धरून.

हे तिन्ही आकडे एकाच बॅगचे असतात आणि त्यात खूप फरक असतो. कम्फर्ट उणे २, लिमिट उणे ८ आणि एक्स्ट्रीम उणे २६ अशी बॅग अगदी सर्वसाधारण म्हणावी लागेल. विकणारा यातला कुठला आकडा मोठ्या अक्षरात छापेल, हे सांगायला नको.

आमच्या ग्रुपमधलं उदाहरण देतो. आठ जणांनी एकाच दुकानातून भाड्याने सारख्याच 'उणे १०' बॅगा घेतल्या होत्या. कॅम्पवर रात्री पारा उणे ६ च्या आसपास होता. मुलं झोपली, पण एक मैत्रीण रात्रभर कुडकुडत बसून होती. पहाटे समिटला निघायची वेळ झाली तेव्हा तिच्यात चालायची ताकद नव्हती, ती कॅम्पवरच राहिली. "मुलींना थंडी जास्तच वाजते" अशी चेष्टाही झाली. परत आल्यावर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडलं तर उणे १० हा लिमिटचा आकडा निघाला. कम्फर्ट होतं उणे ४. म्हणजे ती बॅग तिच्यासाठी त्या रात्री पुरणारीच नव्हती, हे मानकातच लिहिलेलं होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त अर्धंच सांगितलं होतं.

म्हणून नियम सोपा ठेवा: मुलगा असो वा मुलगी, कम्फर्टचा आकडा बघून बॅग घ्या. उंचीवर दमून, अर्धपोटी झोपलेला माणूस प्रयोगशाळेतला 'प्रमाण पुरुष' नसतो. आणि पानावर नुसतं 'उणे १०' असेल, पुढे कम्फर्ट, लिमिट काहीच नसेल, तर तो आकडा जाहिरातीचा समजा.

फॅरेनहाइटचा घोळ

बॅगांचे बरेचसे इंग्रजी रिव्ह्यू अमेरिकेतले असतात. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीला जाणारे लोक आठवडाभर तंबूत राहतात आणि बॅगांबद्दल फार बारकाईने लिहितात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, पण थंडी सगळीकडे सारखीच.) ते रिव्ह्यू जरूर वाचा, फक्त त्यांची 'झिरो डिग्री बॅग' म्हणजे शून्य फॅरेनहाइट, आपल्या हिशेबात सुमारे उणे १८ सेल्सिअस. '२० डिग्री' म्हणजे सुमारे उणे ७. शिवाय तो भाग बराच कोरडा आहे. तिथे डाऊन जसं चालतं तसं दमट हवेत चालेलच असं नाही.

किती थंडी असेल? फोनवरून अंदाज

वेदर ॲप बहुतेक वेळा गावाचं तापमान दाखवतं, कॅम्पचं नाही. उंची वाढली की दर हजार मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. केदारकांठ्याचं पायथ्याचं गाव सांकरी सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि वरचा बेस कॅम्प सुमारे ३,४०० मीटरवर. फरक १,४५० मीटर, म्हणजे साधारण ९ अंश. ॲपमध्ये सांकरीला रात्री शून्य दिसत असेल तर कॅम्पवर उणे ९ धरून चला. हा फक्त अंदाज आहे. वारा असेल किंवा आकाश निरभ्र असेल तर आणखी थंड वाटू शकतं.

अशा ट्रेकसाठी उणे १० च्या आसपास कम्फर्ट असलेली बॅग योग्य. उणे ५ कम्फर्टची बॅग, आत लायनर आणि अंगात कोरडे थर्मल व जॅकेट, असंही जमवता येतं. चादर ट्रेकला पारा उणे २० च्या खाली जाऊ शकतो, तिथे हा जुगाड चालणार नाही.

खाली मॅट नसेल तर बॅग अर्धीच

अंगाखालचं डाऊन तुमच्या वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते. म्हणजे पाठीकडून तुम्ही जवळपास थेट बर्फावर झोपलेले असता. तिथे काम करते मॅट. तिची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्याने मोजतात. साध्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू साधारण २ असते. बर्फावर ५ च्या आसपास हवी. चांगली गोष्ट अशी की आर-व्हॅल्यूची बेरीज होते. २ ची फोम मॅट खाली आणि ३ ची हवेची मॅट वर, झाले ५. बजेट कमी असेल तर आधी मॅटवर पैसे घाला.

शिवण, आकार आणि मापं

- कप्पे: आरपार शिवलेल्या बॅगेत प्रत्येक शिवणीवर डाऊन नसतं, तिथून थंडी शिरते. बर्फासाठी आत कापडाच्या उभ्या भिंती असलेली, म्हणजे बॉक्स बॅफल रचना हवी.
- आकार: पायाकडे निमुळता होणारा 'ममी' आकार घ्या. आत मोकळी जागा जास्त असेल तर तीही तुम्हालाच गरम करावी लागते.
- लांबी: उंचीपेक्षा थोडी जास्त. फार आखूड असेल तर पाय टेकून डाऊन दबतं.
- हूड, कॉलर आणि चेन: डोक्याला नाडीने आवळता येणारं हूड, गळ्याशी भरीव पट्टी आणि चेनच्या आतून डाऊनची नळी असावी. या तिन्हींशिवाय उणे तापमानाची बॅग घेऊ नका.

ओल हा डाऊनचा शत्रू

डाऊन भिजलं की त्याचा गोळा होतो, हवा संपते, ऊब संपते. पाणी लवकर शोषू नये म्हणून प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं. ते थोडा वेळ मिळवून देतं, पण वॉटरप्रूफ नसतं. त्यामुळे बॅग सॅकमध्ये जाड प्लास्टिकच्या पिशवीत किंवा ड्राय बॅगेतच ठेवा.

ओल फक्त पावसाने येत नाही. तोंड बॅगेत घालून झोपलात तर श्वासातली वाफ रात्रभर आत जाते. नाक-तोंड बाहेर ठेवा, कानटोपी घाला. ओले मोजे आत वाळवायला घेऊ नका. सकाळी ऊन आलं की बॅग उलटी करून तंबूवर टाका.

सह्याद्रीत पावसाळ्यात वापरायला बॅग हवी असेल, तर डाऊनच्या नादी लागू नका. सिंथेटिक जड असते, पण ओली झाल्यावरही थोडीफार ऊब देते आणि स्वस्त पडते.

विकत की भाड्याने?

चांगली डाऊन बॅग पाच आकड्यांत जाते. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याने घेणं शहाणपणाचं. फक्त दुकानात दोन गोष्टी करा. मॉडेलचं नाव विचारून तिथेच फोनवर कम्फर्ट रेटिंग शोधा. मग बॅग उघडून पंधरा-वीस मिनिटं पसरून ठेवा. चांगलं डाऊन छान फुगतं. कुठे रिकामे पट्टे दिसले, गोळे हाताला लागले तर दुसरी मागा.

विकत घेतलीत तर घरी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, छोट्या कव्हरमध्ये कोंबून वर्षभर नको.

रात्री एवढं करा

झोपण्याआधी पोटभर जेवा, जवळ चिक्की किंवा सुकामेवा ठेवा. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्या. फोन आणि पॉवर बँक कोरड्या पाऊचमध्ये बॅगेतच ठेवा, कारण थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते. शून्याखाली गार झालेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, बॅटरी कायमची खराब होऊ शकते.

आणि शेजारचा कोणी खूप कुडकुडत असेल, बोलताना अडखळत असेल, हातातून वस्तू पडत असतील, तर सकाळची वाट बघू नका, लगेच लीडरला उठवा. कपडे ओले असतील तर बदला, त्याला बॅगेत घाला, शुद्धीवर असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या. तो अजून गारच असताना कुडकुडणं आपोआप थांबलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, प्रकृती बिघडत असल्याचं आहे.

पैसे देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. कम्फर्ट तापमान किती, आणि ते सेल्सिअसमध्ये आहे ना?
२. फिल पॉवर आणि फिल वेट, दोन्ही किती?
३. कप्पे आरपार शिवलेत की आत भिंती आहेत?
४. हूड, गळ्याची पट्टी आणि चेनची नळी आहे का?
५. खाली टाकायच्या मॅटची आर-व्हॅल्यू किती?

पाचही उत्तरं मिळाली तर किंमतीवर बोला. पहिल्याचंच मिळत नसेल, तर दुसरं दुकान बघा.