बॅक बेची जमीन आणि मुंबईचा सट्टा

एका जागेस चार गिऱ्हाइकें असलीं म्हणजे मालक सांगेल ती किंमत नाकारण्याचें धैर्य कोणाजवळ उरत नाहीं. आज घेतली नाहीं तर उद्यां दुप्पट मोजावे लागतील, ही भीति सर्व हिशेबांवर मात करते. या भीतीचें मोल किती पडतें, हें मुंबई शहरानें एकदां पुरतें अनुभवलेलें आहे. त्याचें स्मरण वाचकांस करून द्यावें असें आम्हांस वाटतें.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी होऊन लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. ती उणीव हिंदुस्थानचा कापूस भरून काढूं लागतांच भाव कडाडले. युद्धाच्या चार वर्षांत मुंबईस नेहमींपेक्षां सुमारें ७ ते ८ कोटि पौंड अधिक मिळाले, असा अंदाज केला जातो. एवढा पैसा मुरावयास बेट अपुरें पडलें. १८६४ च्या खानेसुमारींत वस्ती ८,१६,५६२ भरली. किल्ल्याचे तट पाडले जात होते, तरी जागा पुरेना. तेव्हां समुद्र हटवून जमीन करावी, असें सर्वांच्या मनानें घेतलें. ही कल्पना वेडगळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. सात बेटें सांधूनच तें शहर उभें राहिलें होतें.

दोष कल्पनेंत नव्हता, व्यवहारांत होता. बॅक बे रिक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर बाजारांत ५०,००० च्या वर गेला. जमीन मात्र अद्याप पाण्याखालींच होती. शेअर घेणारा तेथें घर बांधण्याच्या विचारांत नसे. पुढचें गिऱ्हाईक कधीं भेटतें इकडे त्याचे डोळे. बँका शेअरांच्याच तारणावर कर्ज देत, त्या कर्जानें नवे शेअर घेतले जात, आणि त्या खरेदीनें भाव आणखी चढे. भावास आधार भावाचाच होता.

एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेला आणि कापूस कोसळला. वायद्यांचा निकाल १ जुलै १८६५ रोजीं व्हावयाचा होता. त्या दिवशीं देणें फेडणारे मिळेनात. ज्यांच्या शब्दावर बाजार हाले ते प्रेमचंद रायचंद बुडाले, विद्वान् डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही संपत्ति गेली. १८६८ सालीं बँक ऑफ बॉम्बेचा कारभार आटोपावा लागला. १८७२ च्या खानेसुमारींत वस्ती ६,४४,४०५ वर उतरली. ज्या टंचाईचा एवढा डंका वाजला होता, ती सुमारें पावणेदोन लाख माणसांबरोबर निघून गेली.

यांतील खरें मर्म पुढेंच आहे. विसाव्या शतकांत बॅक बेचा समुद्र खरोखर भरून निघाला, आणि मरीन ड्राइव्हच्या कडेची ती जमीन देशांतील अत्यंत महाग जागांत गणली जाऊं लागली. म्हणजे १८६४ चें भाकीत खोटें नव्हतें! परंतु कर्जाची मुदत महिन्यांची होती आणि भाकिताची मुदत दोन पिढ्यांची. म्हणून चढत्या बाजारांत जागा घेणाऱ्यानें ती पुढें महागेल कीं नाहीं, एवढेंच पाहून भागत नाहीं. भाव पडले असतां ती आपणांस किती वर्षें धरून ठेवतां येईल, हा प्रश्न त्यानें बयाणा देण्यापूर्वींच स्वतःस विचारावा.